फरासखान्यापासून खराडीपर्यंत

खराडीत राहणाऱ्या माणसाला पुणं बघायला जावं लागतं. पत्ता पुण्याचा, घरपट्टी पुणे महापालिकेची, तरी पेठांकडं निघताना आम्ही 'पुण्यात जाऊन येतो' असंच म्हणतो. 1997च्या हद्दवाढीत खराडी महापालिकेत आली तेव्हा मुळा-मुठेच्या या काठानं शेती होती. आता त्याच काठाला ईऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत आणि नगर रस्त्यापासून नदीपर्यंत सोसायट्याच सोसायट्या. त्यातली बहुतेक घरं बाहेरून आलेली. बीड, लातूर, जळगाव, सोलापूर. शिवाय पाटणा, कोलकाता, इंदूर. नोकरीसाठी मुलगा-सून येतात, नातवंड झालं की आजी येते. आजी आली की तिला पुणं दाखवायचं ठरतं. आणि आजी येताना एक गाठोडं आणते, ते बेडरूममधल्या कपाटावर चढतं आणि तिथंच राहतं.

आमच्या सासूबाई कर्जत तालुक्यातल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे कर्जत, संत गोदड महाराजांचं. त्यांनी आणलेल्या गाठोड्यात जुनी लुगडी, दोन धोतरं, सासऱ्यांचं उपरणं आणि कसकसली फडकी होती. सगळं धुऊन, घडी घालून. 'हवा लागू द्या अधूनमधून', एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

गोधडीविषयी आपल्याकडं बोलणं निघालं की मायेची ऊब लगेच येते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या उबेखाली एक मोठं कौशल्य झाकलं जातं. घरात आलेलं कापड किती वर्षं, कुणाकुणाच्या अंगावर, कोणत्या कामाला चालवायचं याचा पूर्ण हिशेब बाईच्या डोक्यात असायचा आणि गोधडी ही त्या हिशेबाची शेवटची जमा. हे काम थांबलं त्याला ठोस कारणं होती. खराडीतल्या काही घरांत ते पुन्हा सुरू झालंय, त्यालाही कारणं आहेत. ती मला पुणं बघता बघता कळत गेली, म्हणून त्या फेरफटक्यापासूनच सांगते.

रामवाडीला मेट्रोत बसलो. रूबी हॉल ते रामवाडी हा टप्पा 6 मार्च 2024 ला सुरू झाला आणि नगर रस्त्यावरच्या माणसाला पेठा जवळ आल्या. रामवाडीच्या पुढं वाघोलीपर्यंतच्या मार्गाला केंद्रानं जून 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. तो मार्ग होईपर्यंत खराडीकरांनी रामवाडीपर्यंत रिक्षा करायची. येरवडा सोडून गाडी नदीवर आली तशी सासूबाई काचेला टेकल्या. जलपर्णीनं हिरवं झालेलं पाणी बघून त्यांनी विचारलं, 'हिच का तुमच्या खराडीची नदी? हितं धुणं कुणी धूत न्हाई?' नाही, म्हटलं. त्या गप्प बसल्या. त्यांच्या गावात घटस्थापनेच्या आधी घरातली झाडून सगळी गोधडी-वाकळ नदीवर जायची. भिजलेली गोधडी एका बाईला उचलत नाही. दोघीजणी दोन टोकं धरून पिळतात, मग खडकावर, काटेरी कुंपणावर, जिथं जागा मिळेल तिथं वाळत घालतात. नवरात्राचे घट बसायच्या आत घर धुऊन निघायचं म्हणजे मुख्यतः अंथरुणं-पांघरुणं धुऊन निघायची.

जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची. लोक अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात. उन्नत मार्गावरून उतरून जमिनीखाली सुमारे 33 मीटर खोल जावं लागतं, एकामागून एक सरकते जिने. पहिल्या जिन्यावर सासूबाईंनी नातीचा हात धरला, तिसऱ्यावर सोडला. तिथून भुयारी गाडीनं कसबा पेठ, आणि वर आलं की शनिवारवाडा हाकेवर.

शनिवारवाड्याबद्दल मी नव्यानं काय सांगणार? 10 जानेवारी 1730 ला, शनिवारी, थोरल्या बाजीरावांनी पायाभरणी केली. 1732च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. 1828च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतलं लाकडी सगळं गेलं. उरला तो तट, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना, आणि आत जोत्यांच्या ओळी. मुलीची शाळेची सहल इथं येऊन गेलेली, त्यामुळं दाराच्या खिळ्यांपासून सोळा पाकळ्यांच्या कारंज्यापर्यंत सगळं तिनंच सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि एका जोत्यावर बसून विचारलं, 'एवढी माणसं निजत कुठं आसतील गं? आन पांघरायला?'

मला हा प्रश्न फार नेमका वाटला. त्याचं उत्तर वाड्याबाहेर, रस्त्यावरच आहे. तिथून बुधवार पेठेकडं चालत गेलं की फरासखाना पोलीस ठाणं लागतं. रोज हजारो लोक ते नाव घेतात. मराठ्यांच्या राज्यकारभारात अठरा कारखाने असत, म्हणजे दरबाराची अठरा खाती, आणि फरासखाना हे त्यातलं एक. तंबू, राहुट्या, कनाती, गालिचे, जाजमं, बिछायती यांची देखभाल त्या खात्याकडं. कापडचोपडासाठी जामदारखाना वेगळा. खात्याला माणसं, माणसांना वेतन, मालाची नोंद. राज्याच्या अंथरुणाला एवढा सरंजाम होता. त्याच पेठांतल्या घराघरात अंथरुणाचं हेच खातं एकेक बाई एकटी सांभाळत होती, दुपारची जेवणं उरकल्यावर. तिच्या खात्याचे कागद नाहीत. जे होतं ते तिनं शिवलं, ते पांघरून पांघरून विरलं, त्याचं पोतेरं झालं.

लाल महाल बाहेरून बघितला, कसबा गणपतीला हात जोडले, विश्रामबागवाड्याच्या कोरीव सज्जाखाली फोटो काढला. दुपारचं ऊन चढलं होतं आणि मला केळकर संग्रहालय गाठायचं होतं.

राजा दिनकर केळकर संग्रहालय बाजीराव रस्त्याला लागून, शुक्रवार पेठेत. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारे कवी. जुन्या वस्तू जमवायला त्यांनी साधारण 1920च्या सुमारास सुरुवात केली, पत्नी कमलाबाई बरोबरीनं या कामात होत्या, आणि एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला तेव्हा संग्रहाला त्याचं नाव दिलं. एका माणसानं जमवलेल्या वीस हजारांवर वस्तू. मांडायला जागा पुरत नाही, म्हणून त्यातल्या थोड्याच एका वेळी बघायला मिळतात. केळकरांची नजर मला फार मोठी वाटते, कारण ती तलवारीइतकीच अडकित्त्यावर होती. दिवे, फण्या, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, दारं, झरोके, खेळणी. घरात रोज हाताळलेली, हातानं गुळगुळीत झालेली वस्तू जपण्यासारखी असते, हे त्यांनी त्या काळात ओळखलं. पुण्यात पाहुणा आला तर मी त्याला शनिवारवाड्याआधी इथं नेईन.

सासूबाई इथं रमल्या. वाड्यात त्या दोन पावलं मागं राहायच्या, इथं सगळ्यांच्या पुढं. ही कात्री कशाची, हे शेवयांचं, हे आमच्या आजीकडं होतं, असं चालू. कपड्यांच्या दालनात भरतकाम, जरीचं काम, लहान मुलांची अंगडी-टोपडी बघताना त्या काचेला नाक लावून टाका कसा घातलाय ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ह्यांच्यात गोधडी न्हाई ठेवलेली?' त्या दिवशी मांडलेल्या वस्तूंत आम्हाला तरी दिसली नाही. यात कुणाला बोल लावायचं कारण नाही. पैठणी एका लग्नाला नेसून पेटीत जाते, म्हणून दोनशे वर्षं राहते. गोधडी रोज रात्री वापरतात, आठ-दहा पावसाळ्यांत ती विरते, मग तीच नव्या गोधडीच्या आतला थर होते. जुन्यातली जुनी गोधडी मिळालीच तर ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात मिळते.

मुलगी मात्र वेगळंच बघत होती. प्रत्येक वस्तूजवळची चिठ्ठी: नाव, गाव, शतक. आठवीत तिला कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता आहे, ती वर्गात पाठ झालेली. तिनं आजीला विचारलं, 'तुझ्या गाठोड्यातल्या कपड्यांना अशा चिठ्ठ्या आहेत का गं?' आजी म्हणाली, 'चिठ्ठी कशाला, मला ठावं हाय ना.'

तिथून तुळशीबाग. आधी रामाचं दर्शन, मग भातुकलीच्या भांड्यांपाशी थांबणं, मग दोरा. गोधडीला लागतो तो जाड, पांढरा, सुती दोरा. शिलाईयंत्राचा पॉलिस्टरचा दोरा चालत नाही. तो कापडापेक्षा चिवट असतो, दोरा राहतो आणि कापड कापलं जातं. मोठ्या नेढ्याच्या सुया घेतल्या, अंगुस्तान घेतलं, मेणाचा एक खडा घेतला. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही. दुकानदार म्हणाला, हा दोरा मागणारी गिऱ्हाइकं मधे फार कमी झाली होती, हल्ली पुन्हा यायला लागलीत, आणि त्यात तरुण पोरी बऱ्याच.

परतीच्या वाटेवर मंडईतून मेट्रो धरली आणि कल्याणीनगरला उतरून आगाखान पॅलेसला गेलो. खराडीकर नगर रस्त्यानं रोज या फाटकासमोरून जातात आणि वर्षानुवर्षं आत जात नाहीत. 1892ची ही इमारत. 1942च्या ऑगस्टपासून 1944च्या मेपर्यंत गांधीजी इथं कैदेत होते. आल्यावर आठवड्याच्या आत, 15 ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले. 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीला, कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसवून कस्तुरबांना निरोप दिला गेला, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या समाधीपाशी खाली बसल्या. सूत, ते कातणारा हात, ते नेसणारं माणूस. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी गाठोडं खाली काढायला सांगितलं.

आता गोधडी कशी होते ते नीट सांगते, कारण 'जुने कपडे एकत्र शिवले' इतकं ते साधं नाही. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की एकेक तुकडा पावणेसात फुटांचा. पन्हा साधारण साडेतीन-पावणेचार फूट. दोन तुकडे काठाला काठ जोडले की सात फूट लांब-रुंद अशी एक बाजू होते, उरलेल्या दोनांची दुसरी. एका लुगड्यात गोधडीचं वरचं आणि खालचं दोन्ही भागतं. पण हे धड लुगड्याचं गणित, आणि गोधडीला धड लुगडं कुणी देत नसे. लुगडं विरतं ते मधे, बसण्या-उठण्यानं. पदर आणि काठ शाबूत राहतात. म्हणून आधी विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेली दोन टोकं जोडून लुगड्याला दंड घालायचा. असं दंड घातलेलं लुगडं आणखी दोन-तीन वर्षं नेसायचं. 1972च्या दुष्काळात आमच्या सासूबाई सासरी नव्या होत्या. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांत दंड नसलेलं लुगडं शोधून सापडायचं नाही, असं त्या सांगतात. दंडाचं लुगडंही नेसण्यापलीकडं गेलं की त्यातल्या मऊ भागाचं तान्ह्या बाळाला दुपटं, लंगोट. उरलेलं गोधडीला. आणि गोधडी झिजली की पोतेरं. कापड घरात आल्यापासून मातीला मिळेपर्यंत वीस-पंचवीस वर्षं सहज जायची.

आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावला, टीपॉय गॅलरीत गेला. फरशी दोनदा पुसून कोरडी केली. सगळ्यांत खाली इरकलीचे दोन तुकडे, उलटी बाजू वर. त्यावर धोतरं. धोतराचं कापड आतल्या थराला उत्तम, पातळ आणि पाणी पिणारं. त्यावर फडकी, एकाशेजारी एक, कुठं पोकळी राहणार नाही आणि कुठं उंचवटा येणार नाही अशी. ही रचना करताना सासूबाई हातानं चाचपत होत्या, डोळ्यांनी नाही. तळहात फिरवायच्या, थांबायच्या, एक चिंधी काढून दुसरीकडं सरकवायच्या. वरच्या बाजूला रंगीत तुकडे: खणाचे, माझ्या जुन्या सुती ओढणीचे, मुलीच्या बालवाडीतल्या फ्रॉकचे. मग लांब लांब टाके घालून सगळं टाचून घेतलं, म्हणजे थर हलत नाहीत.

खरं शिवणं त्यानंतर. धावदोरा कोपऱ्यापासून निघतो, काठाकाठानं चारी बाजू फिरतो, मग बोटभर आत सरकतो आणि पुन्हा चारी बाजू. चौकोनात चौकोन करत दोरा मध्यावर येऊन संपतो. शिवणारी बाई गोधडीवरच बसलेली असते, जिथं शिवून झालं तिथं बसायचं आणि पुढं सरकायचं, म्हणजे तिच्या वजनानं कापड ताणलेलं राहतं. टाका एकसारखा पाहिजे पण घट्ट नको. घट्ट टाक्यानं जुनं कापड धुण्यात फाटतं. सैल टाका कापडाबरोबर हलतो. यंत्रावर शिवलेली गोधडी दिसायला सुबक, पण जुन्या कापडाला ती शिलाई सोसत नाही. नव्या कापडाचीच करायची तर यंत्र चालेल, असा सासूबाईंचा निर्वाळा आहे, आणि नव्या कापडाची कशाला करायची, असा पुढचा प्रश्न.

मग हे थांबलं का? बायका आळशी झाल्या म्हणून नाही. आधी कापड बदललं. टेरिलीन, नायलॉन, पुढं पॉलिस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, वाळायला चटकन, इस्त्री नको. शेतात राबणाऱ्या बाईनं त्या आनंदानं घेतल्या आणि बरोबर केलं. पण ते कापड गोधडीला चालत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही, आणि वीस वर्षांनी साडी जशीच्या तशी. मऊ होतच नाही. त्याच सुमाराला दारावर बोहारीण यायला लागली. जुने कपडे द्या, स्टीलचं पातेलं घ्या. पूर्वी गोधडीत जाणारं कापड पातेल्यात जायला लागलं. तिसरी गोष्ट जागेची. सात फूट गोधडी अंथरायला ओसरी लागते, मधे कुणी ओलांडणार नाही अशी, आणि काम अर्धं टाकून उठता येईल अशी. शहरातल्या दोन खोल्यांत ती नव्हती. आणि चौथी गोष्ट, सोबत. गोधडी एकटीनं होते, पण रखडते. दुपारी चार बायका चार बाजूंना बसल्या की दोन-तीन दिवसांत उठते.

खराडीत यातलं काय बदललं? सुती कापड परत आलं, कुर्त्यांच्या, ओढण्यांच्या, सुती साड्यांच्या रूपानं. मधल्या काळात ते पैसेवाल्यांचं झालं होतं, आता नोकरी करणाऱ्या मुली रोज वापरतात. जागा परत आली: हॉल मोठे आहेत, आणि सोसायटीचं क्लबहाउस दुपारी रिकामं असतं. सोबतही आली, कारण प्रत्येक इमारतीत गावाकडून आलेल्या, दुपारी काय करावं हे न सुचणाऱ्या बायका आहेत. आमच्या हॉलमधली गोधडी बघायला आधी वरच्या मजल्यावरच्या जळगावच्या काकू आल्या. मग कोल्हापूरच्या एक आजी, त्या वाकळच म्हणतात आणि त्यांचं शिवणं अधिक दाट. बिहारच्या एक आजी आल्या, त्यांच्याकडची सुजनी. त्यांना मराठी येत नाही, आमच्या सासूबाईंना हिंदी जेमतेम, पण सुई कुठून काढायची यावर दोघींचा अर्धा तास वाद झाला आणि दोघींना तो कळला. कोलकात्याच्या एक बाई म्हणाल्या, आमची कांथा. त्यांच्या पदराच्या काठातला रंगीत दोरा उसवून पुन्हा भरतकामाला वापरायची जुनी रीत त्यांनी दाखवली, ती आमच्याकडच्या कुणाला ठाऊक नव्हती.

हे सगळं घरच्या हौसेचं. पण पोटासाठी गोधडी शिवणाऱ्या बायकाही याच रस्त्यावर आहेत. चंदननगरच्या बाजूला 'गोधडी शिवून मिळेल' अशी पाटी आहे. मी तिथल्या बाईंशी बोलले. गिऱ्हाईक गेलेल्या आईच्या साड्या घेऊन येतं, तेव्हा घाई करत नाही, असं त्या म्हणाल्या. एकदा कात्री लागली की परत नाही, म्हणून प्रत्येक साडी गिऱ्हाइकासमोर उलगडायची, काठ ठेवायचा की काढायचा ते विचारायचं आणि मगच कापायची. मजुरीवर मात्र घासाघीस ठरलेली. मॉलमधल्या रजईची किंमत बोलून दाखवतात, असं त्या म्हणाल्या. यावर माझं मत स्पष्ट आहे: हाताच्या टाक्याला हाताचे दिवस लागतात, आणि आईची साडी त्यांच्या हवाली करणाऱ्यानं त्या दिवसांचे पैसे पूर्ण द्यावेत.

जगानं ही गोष्ट आपल्याआधी ओळखली. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या छोट्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका शेतावरच्या फाटक्या पँटींच्या, पिठाच्या पोत्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडी भागावी म्हणून. 2002 मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, घरची बोली कोकणी-मराठीच्या वळणाची. त्यांचंही शिवणं काठाकडून आत, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं. फुलांवाचून कवंदी उघडी मानतात. त्यांच्यावर हेन्री ड्रुअल या अमेरिकी अभ्यासकानं वर्षानुवर्षं काम केलं. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून सुरेख पुस्तक केलं, तेही इंग्रजीत, आणि ते छापलं फ्रान्समधल्या प्रकाशकानं. मराठीत जिल्ह्या-जिल्ह्याची गोधडी, तिचे टाके, तिचे तुकडे, तिचं धुणं याची बैजवार नोंद व्हायला हवी. पेठेतल्या एका कवीनं अडकित्त्यांसाठी आयुष्य घालवलं. गोधडीसाठी एखाद्या विद्यापीठाच्या विभागानं दोन-चार वर्षं द्यावीत, ही मागणी मोठी नाही. शिवणाऱ्या बायका सत्तरी ओलांडलेल्या आहेत.

आमच्यापुढं सध्या साधी अडचण धुण्याची आहे. भिजलेली गोधडी घरच्या धुलाईयंत्रात मावत नाही. गॅलरीच्या कठड्यावर काही वाळत घालायला सोसायटीची मनाई आहे, गच्चीला कुलूप. जळगावच्या काकूंनी अर्ज लिहिलाय, त्यावर बायकांच्या सह्या झाल्यात: नवरात्राआधी एक आठवडा गच्ची गोधड्यांसाठी उघडी ठेवावी. कमिटीतल्या दोन तरुणांनी होकार भरलाय, एकाच्या आईची वाकळ अर्धी झाली आहे.

आणि मुलीनं वही घातली आहे. केळकर संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांसारखी. गोधडी आडवी-उभी मोजून तिनं प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला आणि आजीला विचारून लिहीत गेली. क्रमांक 1, हिरवं इरकल, आजीच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचं. क्रमांक 4, आजोबांचं उपरणं, पंढरीच्या वारीतलं. क्रमांक 9, माझी ओढणी, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची. क्रमांक 12, तिचा स्वतःचा फ्रॉक, त्यावर आंब्याचा डाग, 'गेला नाही' अशी नोंद. आजी सांगते, नात लिहिते, आणि सांगता सांगता आजीला दुसरंच काही आठवतं, की ते कंसात जातं.

क्रमांक 17 वर गाडी अडली आहे. जांभळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा, हातभर तुकडा. सासूबाई म्हणतात, त्यांच्या थोरल्या जावेची चोळी. त्यांच्या बहिणीचं म्हणणं फोनवर ऐकलं तर ते त्यांच्या आईचं, आणि कापड राशीनच्या यात्रेत घेतलेलं. दोघींचा आवाज चढला, स्पीकर चालू होता, शिवणाऱ्या बाकीच्या बायकांनी सुया थांबवल्या. शेवटी तुकड्याचा फोटो काढून जामखेडच्या मावशींना पाठवला. त्यांचा निरोप आला आहे: रंग फोटोत कळत नाही, तुकडा कापून टपालानं धाडा.